कोइमतूर, कोइमतूर, दोन सीट

शपथ घेऊन सांगतो, पुढं लिहिलेलं सगळं खरं आहे. मी स्वतः तिथं होतो. जिथं नव्हतो तिथं पारसशेठ होते, आणि जिथं आम्ही दोघंही नव्हतो तिथलं आम्हाला गणपतनं सांगितलं. गणपत थापा मारतो हे अख्ख्या मंचरला माहीत आहे, म्हणून त्याचा भाग मी जरा कमी करून घेतलाय. माझा भाग मात्र आहे तसाच ठेवलाय. थोडं पॉलिश मारलं असेल, तेवढं चालतं.

मंचरला माझं शेतीपंपाचं दुकान आहे. दुकानासमोर एक बाक आहे. जळालेली मोटार घेऊन गिऱ्हाईक येतं, वाइंडिंग होईपर्यंत बाकावर बसतं, आणि बसलेला माणूस काही गप्प बसत नाही. तो एक किस्सा सांगतो, शेजारचा त्याला आपला एक जोडतो, तिसरा दोन्ही उचलून गावाला घेऊन जातो. महिन्याभरानं तोच किस्सा घोडेगावहून फिरून माझ्याकडे परत येतो, तेव्हा तो मलाच ओळखू येत नाही. असे कितीतरी साठलेत. पण लोक फिरून फिरून मागतात ते विमानाचे.

दोन हजार सालानंतर स्वस्त विमानं निघाली तेव्हाची गोष्ट. पुण्याहून थेट कोइमतूरला एक विमान सुरू झालं. लहानसं, दोन पंख्यांचं. कंपनीचं नाव सांगत नाही, बिचारी आता नाही. आमच्या भागातून कोइमतूरला कोण जाणार, असं तुम्ही म्हणाल. तर मी जायचो, कारण आपल्या निम्म्या विहिरींत जे घरघरतं ते तिकडं बनतं. पारसशेठ जायचे. त्यांचं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, शेठ मात्र आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. कोइमतूरच्या बाजूला बनियनच्या गिरण्या आहेत, तिथून ते माल आणायचे. आधी आम्ही दोघं रेल्वेनं जायचो. जाऊन आलं की आठवडाभर पाठ धरायची.

आणि जायचे डिंगोऱ्याचे सुदामभाऊ आणि शांतावहिनी.

वहिनींचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसरा चांगला होता, पण भाताच्या झोडणीत त्यात कुसळ गेलं आणि महिन्याभरात बुबुळ पांढरं पडलं. उजेड-अंधार तेवढा कळायचा. कोइमतूरला डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, नवं बुबुळ बसवता येईल. पण त्यासाठी कुणीतरी मागं ठेवून गेलेला डोळा मिळायला हवा. तोवर दर दोन महिन्यांनी दाखवायला या, आणि फोन आला की लगेच निघा.

अशी आमची चौघांची गँग. पाचवा गणपत, अवसरी खुर्दचा, वडापची जीप चालवायचा. तो आम्हाला दुकानापासून लोहगावच्या विमानतळावर सोडायचा. अर्थात जीप भरल्याशिवाय हलवायचा नाही. विमान सुटेल म्हणून आम्ही ओरडायचो, तर म्हणायचा, "विमान काय यष्टी हाय व्हय, टायमावर सुटायला?"

* * *

त्या कंपनीच्या तिकिटावर सीट नंबर नसायचा. आधी चढेल तो बसेल. हे ऐकून सुदामभाऊंना फार बरं वाटलं. म्हणाले, "हे आपल्या सवयीचं हाय."

पहिल्याच खेपेला त्यांनी मला सांगितलं, "पंपवाले, तुमी हिला धरून सावकाश या. मी फुडं व्हऊन सीट धरतो." आणि विमानाकडं पळत सुटले.

आम्ही वहिनींना घेऊन पोहोचलो, तर शिडीजवळ सुदामभाऊ नाहीत. ते पार मागल्या बाजूला, विमानाच्या खिडकीखाली मान वर करून उभे. खांद्यावरचा टॉवेल हातात. कानाला मोठे ठोकळे लावलेला एक कर्मचारी त्यांच्याकडं धावत आला.

"काका, शिडी तिकडं आहे."

"शिडी दिसली रं. हिची काच कुठनं सरकती तेवढं सांग."

पोरगं आमच्या खेडकडचंच निघालं. त्याला काय ते कळलं. तो हसला नाही. टॉवेल घेतला, शिडी चढून आत गेला, पहिल्या रांगेतल्या खिडकीच्या सीटवर तो पसरला आणि दारात येऊन म्हणाला, "धरली, काका."

त्यानंतर वहिनी जेव्हा जेव्हा त्या विमानात चढल्या, तेव्हा तेव्हा ती सीट रिकामी असायची. नियमात तसं कुठं नव्हतं. कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

* * *

पारसशेठ सूर्य मावळल्यावर काही खात नाहीत. चौविहार म्हणतात. आणि आमचं विमान संध्याकाळचं.

थंडीचे दिवस होते. विमान उशिरानं सुटणार असं सांगितलं. शेठ काचेतून पश्चिमेकडं बघत बसले. मी म्हटलं, "शेठ, खाखरा खाऊन घ्या."

"विमानात बसून निवांत खाऊ. अजून वेळ आहे."

वेळ नव्हता. आम्ही शिडी चढलो आणि सूर्य गेला. शेठनी डबा पिशवीत परत ठेवला. सकाळपासून बाजारात उभे होते, पोटात काही नव्हतं. पण चेहऱ्यावर काही नाही.

विमान उडालं, वर गेलं, आणि उजव्या खिडकीतून एकदम लख्ख ऊन आत आलं. मावळलेला सूर्य परत वर! शेठनी खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पंपवाले, हा आजचाच का?"

"आजचाच. दुसरा कुठून आणणार?"

"म्हणजे मावळला नाही."

"खालच्या लोकांचा मावळला. तुमचा आहे की."

शेठनी डोळे मिटून थोडा विचार केला, आणि डबा उघडला. दोन खाखरे झाले असतील. तेवढ्यात विमान कललं आणि सूर्य क्षितिजाला टेकला. शेठनी तिसरा हातात घेतला होता, तो हात तसाच थांबला. त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले,

"ताई, पायलटसाहेबांना विचारा ना, जरा वर घेता येईल का. फक्त पाच मिनिटं."

ती आत गेली. तिनं विचारलं की नाही, देव जाणे. पण विमान थोडं वर गेलं हे मी माझ्या कानांनी अनुभवलं, कारण माझ्या कानांना दडे बसले. शेठ म्हणतात, ते जाणारच होतं. मी म्हणतो, शेठसाठी गेलं.

* * *

एकदा मी बिघडलेली सबमर्सिबल मोटार वॉरंटीत बदलून घ्यायला कंपनीकडं नेत होतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो: स्टीलची लांब नळकांडी, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकातून तीन रंगांच्या वायरी बाहेर आलेल्या. मी ती पोत्यात गुंडाळली आणि हातातलं सामान म्हणून मशीनमध्ये सरकवली.

मशीन थांबलं. पडद्यापुढचा माणूस उभा राहिला. मग त्याच्यामागचा उभा राहिला.

"ये क्या है?"

आता हिंदीत सबमर्सिबलला काय म्हणतात ते मला येत होतं, पण घाबरल्यावर येत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, ये जमीन में छोड़ने का है. बटन दबाया की चालू."

माझ्याभोवती एकदम मोकळी जागा झाली. पारसशेठ, ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं एकाच बाकावर बसलो, ते शेजारच्या अनोळखी माणसाला विचारत होते, "आपण कुठं निघालात?"

मला आतल्या खोलीत नेलं. बाहेर वहिनी काळजीत. सुदामभाऊंना म्हणत होत्या, "अवो, पंपवाल्यांना आत घातलं तर माझ्यासंगं वाटंनं बोलायचं कुणी? तुमी तर तोंड उघडत नाय."

आत एक उंच अधिकारी, हरियाणाचा. त्यानं पोतं सोडलं, मोटार उलटीपालटी केली. दार लावून घेतलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. तो हळूच म्हणाला, "हमारे गाँव में पानी बहुत नीचे चला गया है. कौन सी डालें?"

मी बाहेर आलो तेव्हा विमानात सगळे बसले होते. मोटार सामानात गेली होती, आणि एक नवी मोटार हरियाणाला विकली गेली होती. ती अजून चालू आहे म्हणतात. कोण म्हणतं? मीच म्हणतो.

* * *

वाटंनं बोलायचं काम माझ्याकडं कसं आलं तेही सांगतो.

वहिनींची सीट खिडकीची. सुदामभाऊंची समजूत अशी की सीट धरायची तर खिडकीचीच. पण वहिनींना बाहेरचं काय दिसणार? एकदा विमान उडाल्यावर त्यांनी विचारलं, "पंपवाले, खाली काय हाय ओ?"

खाली ढग होते. नुसते पांढरे ढग. पण ढग किती वेळ सांगणार? मी म्हटलं, "वहिनी, शिवनेरी दिसतोय."

"खरं?"

"तर! आणि ते बघा, ओतूरचा रस्ता. त्याच्या कडेनं डिंगोरं. तुमची भाताची खाचरं. हिरवीगार दिसतायत."

शेठ मागून माझ्या कानात कुजबुजले, "आपण दक्षिणेला चाललोय. जुन्नर पाठीमागं राहिलं."

मी कशाला थांबतोय. म्हटलं, "तुमचं घर दिसतंय वहिनी. अंगणात धुणं वाळत घातलंय. गोठ्यासमोर म्हैस बांधलीय, रवंथ करतीय निवांत."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हस तर आमी गेल्या दिवाळीला विकली."

सुदामभाऊ खाली बघून हसत होते. मी खिडकीवरून मान फिरवली, तर वहिनींनीच माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबलात का? सांगा की. बरं वाटत व्हतं. म्हशीला पाणी दावलंय का बघा."

मग काय, कोइमतूर येईपर्यंत मी अख्खा जुन्नर तालुका सांगितला. तेव्हापासून प्रत्येक खेपेला. डिंगोरं संपलं की मढ, मढ संपलं की माळशेज घाट. शेवटी शेवटी तर शेठही मागून सुचवायचे, "लेण्याद्री राहिलं तुमचं."

* * *

एके दिवशी लोहगावच्या काउंटरवरची रेश्मा, आम्हाला चांगली ओळखणारी मुलगी, हळूच म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात हे विमान राहतंय की नाही सांगता येत नाही. निम्म्या सीटा रिकाम्या जातायत."

माझं आणि शेठचं ठीक होतं, आम्ही पुन्हा रेल्वेत बसलो असतो. पण वहिनींचा नंबर हॉस्पिटलात वर आला होता. फोन कधीही येणार होता, आणि आल्यावर दुसऱ्या दिवशी तिथं हजर व्हायचं होतं. नाहीतर बुबुळ पुढच्या नंबरला जाणार. रेल्वेनं ते जमणार नव्हतं.

परतताना जीपमध्ये आम्ही हेच बोलत होतो. गणपतनं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "त्यात काय येवढं? गाडी भरत नाय म्हून बंद करत्यात ना? मंग भरू की."

"अरे, विमान आहे ते."

"आसंल. सीटा हायेत ना त्याला?"

पुढच्या बाजारच्या दिवशी मंचरच्या स्टँडसमोर गणपत जीपच्या पायरीवर उभा राहिला आणि त्यानं पुकारा सुरू केला: "चला कोइमतूर, कोइमतूर, दोन सीट! दोन सीट राहिल्या फक्त!"

दोन सीट हे वडापवाल्याचं नेहमीचं. जीप पूर्ण रिकामी असली तरी दोनच सीट राहिलेल्या असतात.

लोक थांबायला लागले. एकानं विचारलं, "कुठल्या तालुक्यात आलं?"

"लांब हाय. पर तिकीट यष्टीपक्षा जरा जास्त. विमान हाय भाऊ, विमान!"

"राजगुरुनगरला थांबल का?"

"थांबत न्हाई. वरनं बघून घे."

तेव्हा तिकिटं खरंच स्वस्त होती. आणि विमानात बसायचं म्हटल्यावर, कुठं चाललंय हे आमच्याकडं फारसं कुणी विचारत नाही. निवृत्त गुरुजी सपत्नीक निघाले. कांद्याच्या आडत्यानं आईला नेलं. नवीन लग्न झालेलं एक जोडपं निघालं, त्यांना महाबळेश्वर महाग पडत होतं. महिनाभर विमान मंचर-नारायणगावच्या लोकांनी गच्च भरून गेलं. कोइमतूरला उतरून करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. शेठ सगळ्यांना बनियनच्या गिरणीत घेऊन जायचे. त्या वर्षी आमच्या भागात निम्म्या लोकांच्या अंगात एकाच छापाचं बनियन होतं.

आम्ही खूश. मग रेश्मानं तोंड वाकडं करून सांगितलं, "काका, भाव वाढलेत."

"का?"

"विमान भरतंय ना. भरलं की कॉम्प्युटर आपोआप भाव वाढवतो."

भाव वाढल्यावर गुरुजी थांबले. आडत्याची आई थांबली. विमान परत निम्मं. मी बाकावर बसून कंपनीला शिव्या घालत होतो, तेव्हा तोच आडत्या शांतपणे म्हणाला,

"त्यांचं काय चुकलं? मागणी वाढली, भाव चढला. हे आपलंच मार्केट झालं. तुम्हाला भाव पाडून घ्यायचा होता तर बोंबलायचं कशाला? गुपचूप एकेकानं चढायचं."

त्याला आधी विचारायला हवं होतं.

* * *

शेवटी एसएमएस आला. मार्ग बंद. अमुक तारखेचं विमान शेवटचं.

त्या शेवटच्या विमानाला आम्ही चौघं होतो. सुदामभाऊंनी झेंडूचा मोठा हार आणला होता. त्यांच्या गावातली मुक्कामाची एसटी बंद झाली तेव्हा बसला हार घातला होता म्हणे, मग विमानाला नको? विमानाच्या नाकाला हार घालायला कुणी परवानगी देईना. तेव्हा त्यांनी तो दारात उभ्या असलेल्या पायलटच्या गळ्यात घातला.

पायलट तरुण होता, अगदी गोरामोरा झाला. वहिनींनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले. "लई फिरवलंत आमाला. उपकार हायेत तुमचे."

त्यानं मराठीत एवढंच म्हटलं, "बसा, आजी, सावकाश." वहिनी पन्नाशीच्याही नव्हत्या, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. हार गळ्यात तसाच ठेवून तो आत गेला. उतरल्यावर बघितलं तर तेव्हाही गळ्यात होता.

कंपनीला मी नंतर पुष्कळ नावं ठेवली. पण एक सांगतो, तिनं आम्हाला उडवलं म्हणून वहिनींचा नंबर त्या हॉस्पिटलात लागला. नाहीतर डिंगोऱ्याहून कोइमतूर कुणी बघितलं होतं?

* * *

आता फोन.

तो यायचा तेव्हाच आला, विमान बंद झाल्यावर. शेठ आणि मी मुंबईहून दुपारच्या विमानानं कोइमतूरला निघण्याच्या तयारीत होतो. आता तोच एक रस्ता उरला होता. सकाळी दुकानातला फोन वाजला. सुदामभाऊ.

"पंपवाले, डोळा आलाय. उद्या सकाळी बोलवलंय."

गणपतनं जीपमध्ये बसलेल्या चार सीट उतरवल्या. हे मी त्याच्या आयुष्यात एकदाच बघितलं. ओतूरवरून डिंगोऱ्याला गेलो. दोघं फाट्यावर उभे होते. वहिनींच्या हातात पिशवी, सुदामभाऊंच्या खांद्यावर तांदळाचं पोतं. तसेच माळशेज उतरलो आणि मुंबई गाठली.

विमानतळावरच्या तिकीट खिडकीत मुलगी म्हणाली, "फुल आहे."

सुदामभाऊ म्हणाले, "फुल म्हंजी केवढं फुल? आमच्या गणपतच्या जीपला बी फुल म्हणत्यात, आन त्यात आजून चार बसत्यात."

"विमानात नाही बसत, काका."

"मंग आसं करा. हिला बसवा. मी उभा येतो. धरायला दांडा आसंल ना?"

ती मुलगी हसणार होती. तिनं वहिनींकडं बघितलं आणि हसली नाही. पण सीट नव्हती ती नव्हती.

शेठनी माझ्या दंडाला धरून बाजूला घेतलं. "पंपवाले, मला आत्ता आठवलं, माझं आज मुंबईत काम आहे."

"कसलं काम?"

"तुम्हालाही तेच आहे."

आम्ही आमची दोन्ही तिकिटं रद्द करायला दुसऱ्या खिडकीवर गेलो. एवढ्यात टाय लावलेला एक माणूस सुदामभाऊंच्या मागं येऊन घाईनं विचारायला लागला, एखादी सीट सुटली का म्हणून. सुदामभाऊंनी मागं वळून बघितलंही नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. मुलीनं टोपीकडं बघितलं, कॉम्प्युटरकडं बघितलं, आणि त्या टायवाल्याला म्हणाली, "सर, दोनच सुटल्यात. त्या यांनी धरल्यात."

ती कोण होती, कुठली होती, मला माहीत नाही. तिचं भलं होवो.

परतताना गणपतनं कल्याणला जीप भरली. शेठ आणि मी मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन माळशेज चढलो. शेठच्या मांडीवर कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं होतं. अहिंसेचं व्रत पाळणाऱ्या त्या माणसानं घाटाच्या प्रत्येक वळणावर ते खुराडं दोन्ही हातांनी असं जपलं, की त्यातल्या कोंबड्यासुद्धा निवांत झोपल्या.

* * *

ऑपरेशन झालं. डोळा कुणाचा होता ते हॉस्पिटलवाले सांगत नाहीत. सुदामभाऊंनी तांदळाचं पोतं तिथल्या खानावळीत दिलं. तिथला माणूस नको म्हणत होता, तर म्हणाले, "ज्यांच्या घरचा डोळा, त्यांच्यापत्तुर नाय पोचणार. पर त्यांच्या गावात तरी शिजंल."

महिन्या-दोन महिन्यांत वहिनींचं धुकं निवळत गेलं. आधी बोटं, मग चुलीतला जाळ, मग माणसं. एके दिवशी सुदामभाऊंचा फोन आला, "उद्या तुमच्या दुकानी येतोय. हिला तुमा समद्यांना बघायचंय."

वहिनींनी आम्हाला कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं नुसते आवाज. मला खोडी सुचली. शेठ, गणपत आणि मी बाकावर ओळीनं बसलो. मी सांगितलं, "कुणी तोंड उघडायचं नाही. बघू ओळखतात का."

वहिनी आल्या. चष्मा लावलेला. बाकासमोर उभ्या राहिल्या आणि आमच्याकडं बघू लागल्या. आम्ही तोंडं मिटून बसलेलो. सुदामभाऊंनाही मी खुणेनं गप्प केलं.

आणि एका नजरेत त्यांनी तिघांनाही ओळखलं. बोट दाखवून नावं घेतली.

असं मी आजवर सांगत आलो. बाकावर सांगितलं, लग्नाकार्यात सांगितलं, एकदा भाषणातही सांगितलं. आता लिहायलाच बसलोय तर खरं सांगतो, यातलं एवढंच मी रचलेलं आहे. त्यांनी तिघांना ओळखलं नाही. दोघांना ओळखलं. "हे शेठ," म्हणाल्या, आणि पाया पडल्या. "ह्यो गणपत," म्हणाल्या, आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

मग माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. ओळख नसलेल्या माणसाला बघून हसतात तसं थोडं हसल्या, आणि शेठकडं वळून म्हणाल्या,

"आन पंपवाले नाय आले व्हय? मला पैलं त्यांनाच बघायचं व्हतं."